बोधचिन्ह कोणाचे? स्वतंत्र डिझायनरचे काम आणि लहान उद्योगांची नाममुद्रा

भारतीय स्टेट बँकेचे निळे वर्तुळ आणि त्यातील किल्लीच्या छिद्रासारखी फट देशातील बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेली असते. १९७१ मध्ये ते चिन्ह रेखाटणारे शेखर कामत यांचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. दूरदर्शनचा 'डोळा' रेखाटणारे देवाशिष भट्टाचार्य त्या वेळी विद्यार्थी होते, हेही सहसा कोणी सांगत नाही. ही दोन्ही कामे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत झाली. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने १९५८ मध्ये केंद्र सरकारला सादर केलेल्या अहवालातून ही संस्था १९६१ साली उभी राहिली. पुढे १९६९ मध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले. त्या पिढीत बोधचिन्ह ही बँका, महामंडळे आणि मोठ्या कारखान्यांची गरज समजली जाई व ते काम संस्था किंवा जाहिरात कंपन्या करीत.

आज चित्र वेगळे आहे. लोणची, हातमागाची वस्त्रे, सेंद्रिय गूळ, भरडधान्याची बिस्किटे असे काहीही बाजारात आणायचे झाले, की नाव, बोधचिन्ह, वेष्टन आणि संकेतस्थळ यांची गरज पहिल्या दिवसापासून पडते. हे काम बहुधा घरातूनच, एकट्याने व्यवसाय करणारा डिझायनर करतो. तो कोणाच्या नोकरीत नसतो आणि त्याच्या पाठीशी विधी विभागही नसतो. त्याच्याकडे काम घेऊन येणाऱ्या लहान उद्योगाची स्थितीही फारशी वेगळी नसते. दोघांमधला व्यवहार तोंडी ठरतो, चित्र भ्रमणध्वनीवर पाठवले जाते, पैसे जमतील तसे दिले जातात. काही वर्षांनी माल चालू लागला आणि चिन्हाला किंमत आली, म्हणजे ते नेमके कोणाचे हा प्रश्न उभा राहतो.

रेखाटनाआधीचे काम

उदाहरणादाखल ओडिशातील कोरापुट जिल्ह्यातील एक महिला उत्पादक कंपनी कल्पावी. राज्यात २०१७ पासून राबवल्या गेलेल्या भरडधान्य अभियानामुळे नाचणीला पुन्हा मागणी आली आहे आणि कंपनीला नाचणीची बिस्किटे विकायची आहेत. डिझायनर भुवनेश्वरला राहतो. पहिल्या बैठकीत त्याच्याकडे मागणी होते ती 'एक छानसा लोगो' काढून देण्याची. जाणता डिझायनर त्या दिवशी काहीच रेखाटत नाही. बिस्किटे आठवडी बाजारात विकायची की भुवनेश्वर-विशाखापट्टणमच्या दुकानांत, पुडा कागदी असेल की प्लास्टिकचा, छपाई किती रंगांत परवडेल, वर्षभराने आणखी कोणते पदार्थ येणार आहेत, हे तो आधी विचारून घेतो. दोन रंगांत छापण्याइतकेच पैसे असतील, तर सात रंगछटांचे चिन्ह कितीही देखणे असले तरी निरुपयोगी ठरते.

नावाचा निर्णयही याच टप्प्यावर होतो आणि येथे कायदा आड येऊ शकतो. ओडिया भाषेत नाचणीला 'मंडिया' म्हणतात. 'मंडिया बिस्किट' हे नाव सर्वांना पसंत पडेल. पण व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम ९ नुसार केवळ वस्तूचे वर्णन करणारे नाव सहसा नोंदता येत नाही. तसे ते योग्यच आहे, कारण नाचणीच्या बिस्किटाला नाचणीचे बिस्किट म्हणण्याचा अधिकार कोणा एकाला देता येणार नाही. नाव वेगळे, उच्चारायला सोपे आणि आधी कोणी न घेतलेले असावे लागते. व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर नोंदलेल्या व प्रलंबित चिन्हांचा शोध कोणालाही विनामूल्य घेता येतो. तासाभराच्या या कामाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे छापलेली वेष्टने रद्दीत घालण्याची वेळ येऊ शकते. अशोकस्तंभाची राजमुद्रा, राष्ट्रध्वज किंवा सरकारी मान्यतेचा भास निर्माण करणारी चित्रे यांच्या व्यापारी वापरावर १९५० आणि २००५ च्या अधिनियमांनी निर्बंध घातले आहेत. 'आपली कंपनी सरकारी योजनेतून उभी राहिली' म्हणून राजमुद्रा छापण्याचा आग्रह ग्राहकाकडून झाला, तर तो डिझायनरने स्पष्टपणे नाकारला पाहिजे.

यानंतर प्रत्यक्ष रेखाटन. चिन्ह सेंटिमीटरभर आकारात ओळखता आले पाहिजे, एका रंगात उमटले पाहिजे, रबरी शिक्क्यावर आणि तागाच्या पिशवीवरही टिकले पाहिजे. त्यासाठी ते ठिपक्यांच्या प्रतिमेत न बनवता रेषांच्या गणिती रूपात, म्हणजे 'व्हेक्टर' स्वरूपात तयार करतात. मग ते टपाल तिकिटाएवढे छापा किंवा फलकाएवढे, कडा फाटत नाहीत. पडद्यावर प्रकाशाने दिसणारा झळझळीत हिरवा रंग छपाईच्या शाईत मंद होतो, म्हणून छपाईच्या रंगांची प्रमाणे वेगळी लिहून द्यावी लागतात. वेष्टनावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण, निव्वळ वजन, घटक, सर्व करांसहित कमाल किंमत यांना ठरलेली जागा लागते. चिन्हाला पुड्याचा अर्धा भाग देऊन मग हा मजकूर मुंगीएवढ्या अक्षरांत कोंबलेला दिसला, तर त्या डिझायनरने काम उलट्या क्रमाने केले असे खुशाल समजावे.

भारतीय लिप्यांची अडचण आणखी वेगळी आहे. ओडियातील अनेक अक्षरांचा माथा सारखाच गोलाकार असतो आणि भेद खालच्या लहानशा भागात असतो. बारीक छपाईत नेमका तोच भाग बुजतो. देवनागरीत इंग्रजीच्या सवयीने अक्षरांमधील अंतर वाढवले, की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. महानगरांतील महागड्या फलकांवरही हा दोष दिसतो. चांगल्या भारतीय टंकांची एके काळी खरोखरच वानवा होती. या क्षेत्रात मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात अध्यापन केलेले र. कृ. जोशी यांचे काम मूलभूत आहे. संगणकावर वर्षानुवर्षे वापरला गेलेला 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांचाच. अलीकडे मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने 'बलू' टंकमालिका अनेक भारतीय लिप्यांत मुक्त परवान्याखाली दिली आहे आणि तिच्यात ओडियाचाही समावेश आहे. मुक्त परवान्याचा टंक व्यापारी कामात वापरता येतो. विकतच्या टंकाची चोरटी प्रत वापरली, तर मात्र जोखीम ग्राहकाच्या माथी येते आणि त्याला त्याची कल्पनाही नसते.

मालकीचा कागद

पैसे दिले म्हणजे चिन्ह आपले झाले, अशी ग्राहकाची समजूत असते. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ इतके सोपे उत्तर देत नाही. कलम १७ नुसार कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी नियोक्त्याकडे जाते. पण स्वतंत्र डिझायनर नोकर नसतो. मोबदला देऊन काढून घेतलेले छायाचित्र, रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र यांच्याबाबत कायद्याने मालकी काम सांगणाऱ्याला दिली आहे. संगणकावर रेखाटलेले बोधचिन्ह या अपवादात बसते की नाही, यावर वकील वाद घालू शकतात. हा वाद न्यायालयापर्यंत नेण्याइतके पैसे ना कोरापुटच्या कंपनीकडे असतात, ना भुवनेश्वरच्या डिझायनरकडे.

यावरचा उपाय साधा आहे: लेखी हस्तांतरण. कलम १९ नुसार ते लेखी आणि सहीचे असावे लागते, आणि त्यातील मौन महाग पडते. मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचेच धरले जाते. प्रदेश लिहिला नसेल तर ते भारतापुरतेच राहते, म्हणजे उद्या बिस्किटे दुबईला निघाली की अडचण. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, उलट काही लिहिलेले नसल्यास, तो हक्कही संपुष्टात येतो. कामाचे वर्णन, दिलेले हक्क, मुदत, प्रदेश आणि मोबदला एवढ्या पाच गोष्टी एका पानावर मावतात. कर्तेपणाचे श्रेय आणि कामाची नाचक्की होईल अशा विद्रूपीकरणास हरकत घेण्याचा विशेष हक्क कलम ५७ नुसार हस्तांतरणानंतरही डिझायनरकडे राहतो. 'हे काम मी केले' असे आपल्या नमुनासंग्रहात दाखवण्याची मुभा त्याने करारातच लिहून घेतली, तर पुढे गैरसमज होत नाहीत.

हा कागद नसेल तर व्यापारचिन्हाची नोंदणीही अडखळू शकते. ज्या चिन्हाचा वापर स्वामित्वहक्काच्या कायद्याने रोखता येतो, ते नोंदवले जाऊ नये अशी तरतूद व्यापारचिन्ह अधिनियमातच आहे. पाच वर्षे वापरलेल्या चिन्हावर मूळ डिझायनरने आक्षेप घेतला, तर कंपनीची सगळी ओळखच टांगणीला लागते. नोंदणीचा खर्च मात्र त्या मानाने थोडा आहे. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती, नवउद्यमी आणि लहान उद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे, इतरांना ९,०००. वस्तू व सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत; बिस्किटे तिसाव्या वर्गात येतात. अर्ज स्वीकारला गेल्यावर चिन्ह नियतकालिकात प्रसिद्ध होते, चार महिन्यांत हरकत घेता येते आणि नोंदणी झाली की ती दहा वर्षे टिकते व पुढे नूतनीकरण करता येते. नोंदणीपूर्वी चिन्हाशेजारी वर्तुळातील 'आर' हे अक्षर छापण्याची हौस अनेकांना असते. नोंदणी नसताना ती आहे असे भासवल्यास दंड होऊ शकतो.

अन्नप्रक्रिया गटांना या खर्चासाठी मदतही मिळू शकली आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत गटांच्या नाममुद्रा व विपणनाच्या खर्चासाठी ५० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. अनुदानाच्या अर्जात छपाई आणि जाहिरात आठवणीने लिहिली जाते; हस्तांतरणाचा कागद कोणी मागत नाही.

संकेतस्थळाच्या बाबतीत मालकीचा प्रश्न अधिक नाजूक असतो. संकेतस्थळाचे नाव अनेकदा डिझायनर सोयीसाठी स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या ई-मेलने नोंदतो. त्यात लबाडी नसते, घाई असते. पुढे तो परदेशी गेला, आजारी पडला किंवा पैशांवरून बेबनाव झाला, की नूतनीकरण चुकते आणि वेष्टनावर छापलेला पत्ता दुसऱ्याच कोणाच्या हाती जातो. नाव कंपनीच्याच खात्यावर असावे आणि डिझायनरला केवळ काम करण्यापुरता प्रवेश द्यावा. मजकूर युनिकोडमध्ये असणेही आवश्यक आहे. जुन्या सांकेतिक टंकांत लिहिलेला किंवा चित्र म्हणून चिकटवलेला ओडिया वा मराठी मजकूर शोधयंत्राला वाचता येत नाही, तसाच तो अंधांसाठीच्या वाचक प्रणालीलाही वाचता येत नाही.

मोबदला आणि स्पर्धा

डिझायनरची बाजूही पाहिली पाहिजे. त्याची मोठी तक्रार दराविषयी नसते, पैसे वेळेवर न मिळण्याविषयी असते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ त्याच्या उपयोगाचा आहे, कारण तो कारखान्यांप्रमाणे सेवांनाही लागू होतो. २०२० पासून 'उद्यम' पोर्टलवर आधार व पॅनच्या आधारे विनाशुल्क नोंदणी करता येते. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे करारात ठरलेल्या दिवशी, पण फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज देय होते. दाद राज्याच्या सुविधा परिषदेकडे मागता येते. नोंदणी काम घेण्यापूर्वी झालेली असावी. थकबाकी झाल्यावर केलेल्या नोंदणीचा मागील व्यवहाराला लाभ मिळेल असे धरून चालू नये. अर्थात, ओळखीच्या गिऱ्हाइकाविरुद्ध परिषदेत जाणे डिझायनरच्या जिवावर येते. म्हणून काही रक्कम आगाऊ, काही आराखडा मान्य झाल्यावर आणि उरलेली मूळ फायली देण्यापूर्वी, ही जुनी पद्धतच व्यवहारात अधिक कामी येते. दुरुस्त्या किती फेऱ्यांपर्यंत मोबदल्यात धरल्या आहेत, हेही आधीच लिहिलेले बरे.

खुल्या स्पर्धांविषयी या क्षेत्रात मतभेद आहेत. रुपयाच्या चिन्हासाठी देशभरातून ३,००० हून अधिक प्रवेशिका आल्या आणि १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने उदय कुमार यांचे चिन्ह मान्य केले. 'स्वच्छ भारत'चे चष्म्याचे बोधचिन्ह २०१४ मध्ये कोल्हापूरचे अनंत खासबारदार यांच्या प्रवेशिकेतून आले. राष्ट्रीय प्रतीकासाठी असा लोकसहभाग शोभतो. एखाद्या खाजगी उपक्रमाने मात्र शंभर जणांकडून फुकट आराखडे मागवून एकालाच पैसे द्यावेत, यात उरलेल्या नव्याण्णवांचे श्रम वाया जातात. शिवाय निवडलेल्या आराखड्यामागे ग्राहकाशी झालेला संवादही नसतो. तयार साच्यांतून किंवा यंत्राकडून क्षणात मिळणाऱ्या चिन्हांची अडचण आणखी वेगळी आहे. तेच चित्र वा त्याचे भावंड दुसऱ्या कोणाच्या पुड्यावर असू शकते, आणि मालाचा वेगळेपणा दाखवणे हेच तर व्यापारचिन्हाचे काम.

कोरापुटच्या त्या कल्पित कंपनीला काम संपताना एका पाकिटात काय मिळायला हवे, ते आता सांगता येईल: रेषारूपातील मूळ फायली, एकरंगी आवृत्ती, छपाईच्या रंगांची प्रमाणे, टंकांचे परवाने, संकेतस्थळाच्या खात्याचे संकेतशब्द आणि सहीचे हस्तांतरणपत्र. डिझायनरकडे राहावी ती त्याच पत्राची दुसरी प्रत आणि शेवटच्या हप्त्याची पावती.