टी-४ मोजणारा तोतया

रक्तातील टी-३ आणि टी-४ ही थायरॉइडची संप्रेरके मोजायची, तर बहुतेक चाचण्यांत त्यांचा एक तोतया लागतो. संप्रेरकाच्या रेणूला एन्झाइम, प्रकाश देणारा पदार्थ किंवा बायोटिन जोडून तो बनवतात. त्याचे नाव कॉन्ज्युगेट. सातारा-कऱ्हाडच्या पॅथॉलॉजी लॅब असोत की सांगली-मिरजेची रुग्णालये, थायरॉइड प्रोफाइलमधील टी-३, टी-४मागचे तत्त्व बहुधा हेच.

तोतया लागतो तो रेणूच्या आकारामुळे. थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक टीएसएच हे सुमारे २८,००० डाल्टन वजनाचे प्रथिन. त्याला दोन अँटिबॉडी एकाच वेळी धरू शकतात. टी-४ जेमतेम ७७७ डाल्टनचे, टी-३ तर ६५१चे. दोन अँटिबॉडींना तिथे जागाच नाही. म्हणून अँटिबॉडी मोजकी ठेवून तिच्यासाठी रुग्णाचे संप्रेरक आणि तोतया यांच्यात स्पर्धा लावली जाते.

एलायझा या चाचणीत प्लेटच्या तळाशी अँटिबॉडी चिकटवलेली असते. तिच्यावर रुग्णाचे सीरम आणि टी-४ला पेरॉक्सिडेज एन्झाइम जोडलेले कॉन्ज्युगेट घालतात. जागा न मिळालेले रेणू धुण्यात निघून जातात. मग टीएमबी हा रंग देणारा पदार्थ घातला की निळा रंग येतो. आम्ल घालताच तो पिवळा होतो आणि ४५० नॅनोमीटरवर मोजला जातो. रंग फिका, म्हणजे रुग्णाचे टी-४ जास्त.

रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकाअखेरीस इन्सुलिनसाठी हे तंत्र किरणोत्सारी आयोडीन वापरून बसवले. यालो यांना १९७७मध्ये नोबेल मिळाले. टी-४मध्ये मुळातच आयोडीन असल्याने तिथला किरणोत्सारी तोतया जवळजवळ हुबेहूब असे. अणुऊर्जा विभागाच्या नवी मुंबईतील ‘ब्रिट’ने असे किट देशात पुरवले. मात्र आयोडीन-१२५चे अर्धायुष्य सुमारे ६० दिवसांचे, त्यामुळे किट फार टिकत नसे. एन्झाइम जास्त टिकते, पण पेरॉक्सिडेज ४४,००० डाल्टनचे. अँटिबॉडी रेणूची जी बाजू ओळखते ती झाकली जाणार नाही, अशाच टोकाला ते जोडावे लागते. शिवाय कॉन्ज्युगेटची बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते आणि त्यात सोडियम अझाइड चालत नाही. ते पेरॉक्सिडेज निकामी करते.

काही यंत्रांत पकड बायोटिन हे जीवनसत्त्व आणि त्याला घट्ट धरणारे प्रथिन स्ट्रेप्टाव्हिडिन यांच्या जोडीवर असते. केसांसाठीच्या गोळ्यांत अनेकदा ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असते. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅमच. रक्तातले हे जादा बायोटिन स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जागा अडवते. मग अशा यंत्रावर टी-४ खोटे वाढलेले, टीएसएच खोटे घटलेले दिसते आणि निरोगी माणसाला हायपरथायरॉइडचा रिपोर्ट मिळतो. म्हणून गोळी चालू असल्यास रक्त देण्यापूर्वी लॅबला सांगावे आणि ती किती दिवस आधी थांबवायची, हे डॉक्टरांना विचारावे.