खाडीच्या वाळूवर वसलेले गाव

वायव्य वेल्समधील ट्रेमॅडॉग या छोट्या गावाच्या पाठीशी काळ्या-करड्या खडकाचा उभा कडा आहे. प्रस्तरारोहण करणाऱ्यांमध्ये तो प्रसिद्ध आहे. गावच्या चौकातून त्याच्याकडे पाहताना कोणी सांगितल्याखेरीज एक गोष्ट लक्षात येत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा समुद्रकडा होता आणि भरतीचे पाणी त्याच्या पायथ्याशी येत असे. आज जिथे चौक, चर्च आणि दगडी घरांच्या रांगा आहेत, तिथे त्या काळी ओली वाळू होती. आता खाडीकाठ गाठायचा तर सुमारे दीड किलोमीटर चालावे लागते.

ग्लासलिन नदी स्नोडनच्या डोंगररांगांतून उतरून समुद्राला मिळते, तिथे पूर्वी एक विस्तीर्ण उथळ खाडी होती. वेल्श लोक तिला 'ट्राइथ माउर', म्हणजे 'मोठी पुळण' म्हणत. भरतीच्या वेळी ती सरोवरासारखी दिसे आणि डोंगरांची प्रतिबिंबे तिच्यात उमटत. ओहोटीला उघडी पडणारी वाळू हाच दोन काठांमधला जवळचा रस्ता होता, मात्र तो धोक्याचा होता. प्रवाह जागा बदलत, वाळू पायाखालून सरके आणि वाटाड्याशिवाय निघालेल्या प्रवाशाला भरती गाठत असे. ही खाडी बांध घालून आटवावी, हा विचारही जुनाच. सर जॉन विन या जमीनदाराने १६२५ मध्ये लंडनला नळाचे पाणी आणणाऱ्या सर ह्यू मिडल्टन यांना पत्र लिहून तशी गळ घातली होती. मिडल्टन यांनी नम्रपणे नकार दिला आणि पुढे पावणेदोनशे वर्षे पुळण तशीच राहिली.

तिला हात घातला तो विल्यम अलेक्झांडर मॅडॉक्स यांनी. लंडनमधील एका यशस्वी वकिलाचा हा मुलगा १७९८ मध्ये खाडीकाठची जमीन विकत घेऊन तेथे आला, तेव्हा त्याचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लिंकनशायरमध्ये दलदली आटवून शेती करण्याची परंपरा होती. तिथलेच जेम्स क्रीसी हे तज्ज्ञ मॅडॉक्स यांच्या मदतीला आले. १८०० मध्ये सुमारे दोनशे मजुरांनी हातगाड्यांनी वाळू वाहून दोन मैल लांबीचा बांध उभा केला आणि त्यावर गवताची ढेपळे बसवली. डोंगरावरून येणारे गोडे पाणी बाहेर नेण्यासाठी चर खणले. अशा रीतीने सुमारे एक हजार एकर जमीन समुद्रापासून वेगळी झाली आणि थोड्याच वर्षांत तिच्यावर पिके डोलू लागली.

याचे तंत्र कोकणातल्या शेतकऱ्याला परके वाटणार नाही. भरतीचे पाणी अडवणारा बांध, आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडून भरती आली की आपोआप मिटणारी झडप, एवढ्या दोन गोष्टींवर सारी मदार असते. कोकणच्या खारबंदिस्तीत या झडपेच्या मोरीला 'उघाडी' म्हणतात, गोव्याच्या खाजणांत 'मानस' म्हणतात. पावसाने जमिनीतला खार धुऊन निघतो. मात्र बांधाची आणि झडपेची निगा एक वर्ष राहिली तरी समुद्र आपली जागा परत मागतो.

मॅडॉक्स यांना केवळ शेती नको होती, नगर हवे होते. कड्याच्या पायथ्याशी मिळालेल्या नव्या जमिनीवर १८०५ नंतरच्या काही वर्षांत त्यांनी ते आखून उभारले. मध्ये बाजारचौक, त्याच्या शिरोभागी नगरसभागृह, प्रवाशांसाठी खाणावळ, थोड्या अंतरावर लोकरीचे कापड विणण्याची गिरणी. स्वतः अँग्लिकन असूनही त्यांनी चर्चबरोबर मेथडिस्ट पंथाच्या प्रार्थनागृहालाही साहाय्य केले. गावाचे नाव त्यांच्या आडनावावरून आले. दंतकथेनुसार बाराव्या शतकात अमेरिकेला गेलेल्या मॅडॉग या वेल्श राजपुत्राचा प्रतिध्वनीही त्यात होता.

गावातील दोन रस्त्यांना मात्र लंडन आणि डब्लिन या राजधान्यांची नावे मिळाली, आणि सारी योजना त्यांतच सामावलेली आहे. १८०१ मध्ये आयर्लंड ब्रिटनशी जोडले गेले. आयरिश सभासद, अधिकारी आणि टपाल यांची लंडनला नियमित ये-जा सुरू झाली. जवळच्या पोर्थडिनथलाइन बंदरातून डब्लिनची जहाजे सुटावीत आणि तिकडे जाणारा राजमार्ग ट्रेमॅडॉगमधून जावा, असे मॅडॉक्स यांना वाटत होते. त्या मार्गासाठी खाडीच्या मुखावरून पक्का रस्ता हवा होता. १८०२ पासून संसदेत असलेल्या मॅडॉक्स यांनी १८०७ मध्ये कायदा करून घेतला आणि पुढच्या वर्षी खाडीच्या मुखावर सुमारे एक मैल लांबीच्या दगडी बांधाला सुरुवात झाली. स्थानिक लोक त्याला आजही 'कॉब' म्हणतात.

काम दोन्ही काठांवरून मध्याकडे सरकू लागले. काठांवरच्या टेकड्या फोडायच्या, दगड रुळांवरच्या गाड्यांतून पुढे न्यायचे आणि पाण्यात लोटायचे. खरी अडचण शेवटच्या टप्प्यात आली. बांधातली फट जितकी अरुंद होई, तितकी आत-बाहेर करणारी सगळी भरती-ओहोटी त्याच फटीतून धावे. वेग वाढला, तळाची वाळू वाहून जाऊ लागली आणि टाकलेले दगड गडप होऊ लागले. अखेर १८११च्या जुलैमध्ये फट बुजली. बैल भाजून मेजवानी झाली, वेल्श कवी-गायकांचा मेळा भरला.

तोपर्यंत मूळ हेतू हातचा गेला होता. १८१० मध्येच पोर्थडिनथलाइनचे विधेयक संसदेत अवघ्या एका मताने फेटाळले गेले. आयर्लंडचे टपाल अँगलसी बेटावरच्या होलीहेडमार्गे जाणार, हे ठरत गेले. त्यातच १८१२च्या फेब्रुवारीतील वादळाने नव्या बांधाला खिंडार पाडले. मॅडॉक्स कर्जात बुडाले होते. तरीही आसपासच्या जमीनदारांनी आणि शेतकऱ्यांनी माणसे व घोडे पाठवले, कारण बांध गेला तर सगळ्यांचीच हानी होती. त्या वर्षी गावाजवळ राहायला आलेला कवी शेली यानेही वर्गणीसाठी खटपट केली. १८१४ पर्यंत बांध पुन्हा उभा राहिला. त्याचे मोठे श्रेय मॅडॉक्स यांचे विश्वासू कारभारी जॉन विल्यम्स यांना जाते.

या साऱ्याबद्दल सर्वांनाच आनंद नव्हता. १८१० च्या सुमारास या भागात राहिलेले कादंबरीकार थॉमस लव्ह पीकॉक यांना डोंगरांची प्रतिबिंबे दाखवणारे भरतीचे ते सरोवर नाहीसे झाल्याची रुखरुख लागली होती. आटलेल्या खाडीत सुरुवातीला हिरवळीपेक्षा वाळूच अधिक होती.

पुढे जे घडले ते आराखड्यात नव्हते. कॉबमुळे ग्लासलिन नदीला पश्चिम टोकाच्या दरवाजांतून वाट काढावी लागली. एकवटलेल्या प्रवाहाने बाहेरची वाळू खरवडून काढली आणि जहाजे येऊ शकतील इतका खोल नैसर्गिक धक्का तयार झाला. मॅडॉक्स यांनी ही संधी ओळखली आणि १८२१ मध्ये बंदर बांधण्याचा कायदा मंजूर करून घेतला. डोंगरातल्या ब्लायनाऊ फेस्टिनिओगच्या खाणींतील पाटीचा दगड या बंदरातून छपरांसाठी जगभर जाऊ लागला. मॅडॉक्स १८२८ मध्ये पॅरिसमध्ये वारले. १८३६ मध्ये खाणींपासून बंदरापर्यंत अरुंद रूळमार्ग सुरू झाला, तो कॉबवरूनच. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपल्याच वजनाने खाली येत आणि रिकाम्या वाघिणी वर ओढण्यासाठी लागणारे घोडेही त्याच गाडीत बसून उतरत. १८६३ मध्ये या मार्गावर वाफेची इंजिने आली. इतक्या अरुंद रुळांवरही आगगाडी चालते, हा धडा जगभरच्या अभियंत्यांनी येथून घेतला. दार्जिलिंगची छोटी गाडी आखतानाही हे उदाहरण समोर होते.

१८७० च्या दशकात या बंदरातून वर्षाला एक लाख टनांहून अधिक दगड जात असे. बंदराभोवती पोर्थमॅडॉग हे नवे शहर वाढले आणि ट्रेमॅडॉग मागे पडले. १८८८ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेल्या टी. ई. लॉरेन्सचा जन्म येथे झाला, एवढी एक नोंद सोडली तर गावात फारसे काही घडले नाही. वाढ खुंटल्यामुळेच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची नगररचना तेथे जवळजवळ जशीच्या तशी पाहायला मिळते. पहिल्या महायुद्धात जर्मनीची बाजारपेठ बंद झाल्यावर बंदराचाही व्यापार ओसरला. १९४६ मध्ये बंद पडलेली रेल्वे स्वयंसेवकांनी १९५५ पासून टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू केली आणि १९८२ मध्ये ती पुन्हा ब्लायनाऊ फेस्टिनिओगपर्यंत धावू लागली. कॉबवरून जाणाऱ्या मोटारींना २००३ पर्यंत पथकर द्यावा लागत होता.

बांधाचे काम मात्र संपलेले नाही. भरती चढली की नदीचे दरवाजे आजही मिटतात आणि तेवढा वेळ डोंगराचे पाणी आतच थांबते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की जुन्या पुळणीवरची शेते पाण्याखाली जातात. समुद्राची पातळी वाढेल तसा ओहोटीला पाणी बाहेर सोडण्याचा अवधी कमी होत जाईल.

हा धोका किती खरा आहे, हे दक्षिणेला काही मैलांवरच्या फेअरबर्नने दाखवले आहे. मौदाख नदीच्या मुखाशी खारवट जमिनीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे गाव वसले. सुमारे साडेचारशे घरांच्या या गावाचे संरक्षण २०५४ नंतर करता येणार नाही, असे किनारा व्यवस्थापनाच्या आराखड्यात नमूद झाले. ते जाहीर होताच घरांच्या किमती कोसळल्या आणि खरेदीदारांना कर्ज मिळणे अवघड झाले. रहिवाशांना तो निष्कर्ष मान्य नाही. बांधाआडच्या गावाचे भवितव्य बांध राखण्याची तयारी किती पिढ्या टिकते यावर ठरते. ट्रेमॅडॉगमध्ये ती तयारी दोन शतकांहून अधिक काळ टिकली आहे.