घरच्या गोधडीसाठी शिवणयंत्राची निवड

वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची मळणी आटोपते, पुढे तूर घरात येते, हरभरा निघतो आणि मग शेतकरी कुटुंबातील महिलांना थोडी उसंत मिळते. याच काळात घरोघरी जुनेर बाहेर निघते. फाटलेली लुगडी, विरलेली धोतरे, जुन्या चादरी यांचे थर लावून गोधडी किंवा वाकळ शिवण्याची आपली जुनी रीत आहे. हाताने दाट धावदोरा घातलेली गोधडी वर्षानुवर्षे टिकते. मात्र तिला वेळही तसाच लागतो. म्हणून अनेक भगिनी आता मशीनवर गोधडी शिवू लागल्या आहेत. घरच्या गोधड्या झाल्या की शेजारपाजारच्या गोधड्या मजुरीने शिवून चार पैसेही मिळू शकतात.

परंतु येथेच एक चूक होण्याचा संभव असतो. समजा, सोयाबीन विकून आलेल्या पैशातून घरात शिवणयंत्र आणले. पोलके, परकर, शाळेचे गणवेश त्यावर छान शिवले गेले. मग गोधडी घेतली. पहिल्या दोन-चार टिपा कडेने नीट पडल्या. जसजसे मध्यभागाकडे जावे तसतशी गोधडी मशीनच्या हाताखाली मावेना, वरचा पदर पुढे सरकून चुण्या पडू लागल्या आणि सुई मोडली. यंत्र वाईट नव्हते, ते या कामाचे नव्हते. कपडे शिवण्याचे यंत्र आणि गोधडी शिवण्याचे यंत्र निवडताना वेगवेगळ्या बाबी पाहाव्या लागतात. त्यांची माहिती या लेखात दिली आहे.

प्रथम गोधडी मोजा, मग यंत्र पाहा

शिवणयंत्राची सुई आणि उजवीकडचा उभा खांब यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते तिला आपण येथे गाळा म्हणू. कपडे शिवताना या गाळ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. गोधडी शिवताना मात्र सर्व काही त्यावरच अवलंबून असते.

मोठ्या माणसाची गोधडी साधारण ६ फूट लांब आणि ५ फूट रुंद असते. लांबीच्या दिशेने मधोमध टीप घालताना अर्धी गोधडी, म्हणजे ३० इंच रुंदीचे सर्व थर, वळकटी करून या गाळ्यातून न्यावे लागतात. चार पदरी जुनेराची वळकटी अडीच ते तीन इंच जाड होते. कापूस भरलेल्या दुलईची वळकटी चार ते पाच इंचांवर जाते. नेहमीच्या काळ्या घरगुती यंत्राचा गाळा सुमारे साडेसहा इंच असतो. त्यात जुनेराची गोधडी बसते, पण दुलई अडकते. शिवाय गाळ्याची उंचीही पाहावी लागते. वळकटी रुंदीत मावली तरी वर घासत असेल तर कापड मोकळेपणी सरकत नाही आणि टीप वाकडी जाते.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरची गोधडी मधोमध घडी न करता अर्ध्यापर्यंत गुंडाळावी व वळकटीची जाडी टेपने मोजावी. त्यात हात फिरण्यासाठी तीन इंच मिळवावेत. आलेल्या मापापेक्षा यंत्राचा गाळा लहान असेल तर ते यंत्र त्या गोधडीसाठी घेऊ नये. माहितीपत्रकावर विसंबून न राहता दुकानात टेप लावून स्वतः मोजावे.

यंत्रांचे प्रकार

१) काळे घरगुती यंत्र : हे पायाने किंवा हाताने चालते, लहान मोटरही बसते. दुरुस्ती गावोगाव होते, सुटे भाग सहज मिळतात आणि वीज नसली तरी काम थांबत नाही. बाळाची दुपटी, लहान गोधड्या आणि तीन-चार पदरी वाकळ यासाठी ते पुरेसे आहे. जाड थरात लहान मोटर तापते, अशा वेळी पायानेच चालवावे.

२) टेलर मॉडेल किंवा फुल शटल यंत्र : शिंप्यांच्या दुकानात दिसणारे हे यंत्र वजनाने भारी असून त्याचा गाळा मोठा असतो. ते पायानेही चालवता येते. जिथे वीज वारंवार जाते अशा गावात गोधडीसाठी हा चांगला पर्याय आहे.

३) पॉवर मशीन : हे तयार कपड्यांच्या कारखान्यात वापरतात. याचा गाळा सुमारे साडेदहा इंच असतो व गुडघ्याने प्रेशर फूट उचलण्याची सोय असल्याने दोन्ही हात गोधडीवर राहतात. मात्र यात फक्त सरळ टीप पडते आणि विजेशिवाय ते चालत नाही. मोटर क्लच प्रकारची की सर्वो प्रकारची, हे विचारून घ्यावे. क्लच मोटर बटण दाबल्यापासून फिरतच राहते व वीज खाते. सर्वो मोटर पायडल दाबल्यावरच फिरते आणि तिचा वेग कमी ठेवता येतो. नवशिक्यांनी सर्वो मोटरच घ्यावी. पातळ कापडासाठी आणि जाड कापडासाठी या यंत्रांचे वेगवेगळे नमुने येतात. गोधडीसाठी जाड कापडाचा नमुना मागावा.

४) विजेवरचे झिगझॅग यंत्र : दिसायला सुबक आणि वजनाला हलके असते. अनेक नक्षीटाके काढते. परंतु गोधडीला सरळ टीपच लागते. वीस टाक्यांच्या आमिषाने लहान गाळ्याचे यंत्र घेण्यात अर्थ नाही.

५) बसून चालवायचे लांब आर्मचे क्विल्टिंग यंत्र : परदेशात रजया शिवण्यासाठी ही यंत्रे वापरतात. गाळा १५ इंचांपासून २० इंचांपर्यंत असतो. यात कापड पुढे ओढणारे दात नसतात. शिवणारी व्यक्ती दोन्ही हातांनी गोधडी हवी तशी फिरवते आणि सुईखाली वेलबुट्टी उमटते. आयात केलेल्या यंत्राची किंमत लाखांच्या घरात जाते. दुरुस्तीसाठीही मोठ्या शहराकडे धाव घ्यावी लागते. कायमची मागणी हाती नसताना एका कुटुंबाने हे यंत्र घेणे परवडणारे नाही.

या यंत्राची कला मात्र आपल्याकडे नवी नाही. साध्या काळ्या यंत्राचे दात खाली करून, गोल रिंगमध्ये ताणलेले कापड हाताने फिरवत मशीन भरतकाम करणाऱ्या भगिनी अनेक गावांत आहेत. तीच पद्धत रफू फूट लावून लहान गोधडीवर वापरता येते. म्हणून यंत्र घेताना दात खाली करण्याची सोय आहे का, हे अवश्य पाहावे.

चुण्या का पडतात ?

यंत्राचे दात फक्त खालचा पदर मागे ओढतात. वरच्या पदरावर प्रेशर फूट दाबलेला असल्याने तो अडून राहतो. एका टिपेत हा फरक थोडा दिसतो, पण सहा फुटांवर तो बोटभर होतो. नायलॉन आणि पॉलिस्टरच्या जुन्या साड्या निसरड्या असल्याने त्यांत हा दोष जास्त आढळतो. त्यावर पुढील उपाय करावेत.

* गोधडी जमिनीवर ताणून पसरावी व दर सहा इंचांवर लांब टाके घालून सर्व थर एकत्र टाचावेत. साड्या निसरड्या असल्यास चार इंचांवर टाचावे.
* प्रेशर फूटचा दाब वरच्या स्क्रूने कमी करावा.
* वरचा पदरही सरकवणारा वॉकिंग फूट आपल्या यंत्राला बसतो का, ते विचारावे.
* टीप मध्यापासून सुरू करून कडेकडे जावे. अर्धा भाग झाल्यावर गोधडी फिरवून दुसरा अर्धा घ्यावा. एका अर्ध्यातील सर्व टिपा एकाच दिशेने घालाव्यात.
* टाका मोठा म्हणजे ३ ते ४ मिलिमीटरचा ठेवावा. सुई १६ किंवा १८ नंबरची वापरावी.

दुकानात यंत्राची परीक्षा

दुकानदार पातळ कापडाच्या तुकड्यावर यंत्र चालवून दाखवतात. त्यावर कोणतेही यंत्र चांगलेच चालते. आपण घरून एक फूट लांबी-रुंदीचा गोधडीचा नमुना न्यावा. त्यात जितके थर घरी घालतो तितकेच असावेत आणि एका बाजूला साडीचा काठ दुमडून जाड भाग ठेवावा. हा नमुना स्वतः शिवून पुढील गोष्टी तपासाव्यात.

१) प्रेशर फूट पूर्ण उचलल्यावर नमुना ओढाताण न करता खाली जातो का ?
२) जाड काठावर सुई अडते का ? टाके सुटतात का ?
३) उलट बाजूला टाके सारखे आहेत की धाग्याचे फासे लोंबतात ?
४) वरचा आणि खालचा पदर सारख्या मापाचा कापून एक फूट टीप घातल्यावर वरचा पदर किती पुढे आला ? दाब कमी करूनही पाव इंचापेक्षा जास्त आला तर दुसरे यंत्र पाहावे.
५) बॉबिन किती मोठे आहे ? ६ बाय ५ फुटांच्या गोधडीवर दर दोन इंचांवर टीप घातल्यास कडेसह सुमारे ६० मीटर शिलाई होते. जाड थरात धागा शिलाईच्या अडीच ते तीन पट लागतो व त्यातला जवळपास निम्मा बॉबिनमधून जातो. बॉबिन लहान असल्यास ते टिपेच्या मध्येच वारंवार संपते.

जुने यंत्र घेत असल्यास चाक हाताने फिरवून सुईदांडा हलतो का, शटलला गंज आहे का आणि दात झिजले आहेत का ते पाहावे. चांगले जुने फुल शटल यंत्र हलक्या प्रतीच्या नव्या यंत्रापेक्षा गोधडीला केव्हाही उपयोगी. नवे यंत्र घेताना पक्के बिल व हमीपत्र घ्यावे आणि दुरुस्ती करणारा कारागीर वाशीम, रिसोड किंवा कारंजा अशा जवळच्या गावी आहे का, याची खात्री करावी.

यंत्र ठेवण्याची जागा

गोधडीचे वजन खाली लोंबले की ती सुईला ओढते. सुई मोडण्याचे हे मुख्य कारण आहे. यंत्राच्या डावीकडे आणि मागे त्याच उंचीची बाज, पेटी किंवा फळी ठेवावी, म्हणजे गोधडी तिच्यावर पसरून राहील. बसण्याची उंची अशी असावी की कोपर यंत्राच्या पाटाच्या पातळीला येतील. खांदे उचलून तासन्‌तास काम केल्यास मान व पाठ धरते. जुनेराचा तंतू फार निघतो, म्हणून प्रत्येक गोधडीनंतर बॉबिनची जागा व दात ब्रशने साफ करून तेलाचे थेंब सोडावेत.

खर्चाचा मेळ

यंत्र धंद्यासाठी घ्यायचे असल्यास आधी हिशेब मांडावा. समजा, यंत्र २५,००० रुपयांना पडले आणि धागा व वीज वजा जाता एका गोधडीमागे २५० रुपये उरले, तर यंत्राची किंमत निघण्यास १०० गोधड्या शिवाव्या लागतील. आपल्या गावात आणि आठवडी बाजाराच्या टापूत एका हंगामात किती गोधड्या येतील, याचा अंदाज घ्यावा. पहिल्या हंगामात घरच्या किंवा भाड्याच्या यंत्रावर काम करून मागणी पाहावी. बचत गटातील महिलांनी मिळून एक मोठ्या गाळ्याचे यंत्र घेणे आणि टाचण्याचे काम घरोघरी करणे, ही सोयीची पद्धत आहे.

जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग अनुदानावर शिलाई यंत्रे देत असतो. २०२३ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत शिंपी व्यवसायाचा समावेश असून साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने कर्जाची तरतूद आहे. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षाच्या अटी विचारून घ्याव्यात. यंत्र कोणत्या नमुन्याचे मिळणार, हेही आधीच विचारावे. फुकट मिळालेले लहान गाळ्याचे यंत्र कपड्यांना कामी येईल, दुलईला नाही. करडा, ता. रिसोड येथील कृषी विज्ञान केंद्रातही पूरक व्यवसायाविषयी चौकशी करावी.

शेवटी एक सूचना. हाताच्या धावदोऱ्याची गोधडी मशीनच्या गोधडीपेक्षा मऊ पडते आणि तिला जाणकार ग्राहक अधिक दामही देतात. मानोरा भागातील तांड्यांवर बंजारा भगिनींचा कशिदा पाहिला म्हणजे हाताच्या टाक्याचे मोल कळते. म्हणून रोजच्या वापराच्या गोधड्या यंत्रावर शिवाव्यात आणि विक्रीच्या खास गोधड्यांवर हाताचा टाका राखावा. भगिनींनी गोधडीचे माप हाती घेऊन यंत्राची निवड केल्यास कष्टाचा पैसा वाया जाणार नाही आणि मोकळ्या दिवसांत घराला चांगला हातभार लागेल.