कंपायलरची दुरुस्ती : एक बेरीज, दोन वाटा

पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनाने वार्त्तिके लिहिली. कंपायलरलाही, म्हणजे संगणकभाषेतील मजकूर यंत्राज्ञांत उतरविणाऱ्या साधनालाही, अशी वार्त्तिके सतत लागतात. मात्र येथे सुधारणेने मूळ अर्थ तसूभरही ढळता कामा नये.

समजा, प्रोग्रामच्या दोन वाटा जेथे मिळतात तेथे ‘अ + ब’ ही बेरीज व्हावयाची आहे. एका वाटेवर ती आधीच झालेली असल्यास तिकडून येताना तेच काम दुसऱ्यांदा होते. मॉरेल व रेन्व्हॉइझ यांनी १९७९ मध्ये सुचविलेला उपाय असा की, बेरीज संगमावरून उचलून दुसऱ्या वाटेवरील आज्ञागटाच्या अखेरीस ठेवावी. पण त्या गटातून तिसरीही वाट फुटत असेल तर? तिच्यावर नाहक भार पडेल. बेरजेऐवजी भागाकार असून भाजक शून्य निघाला, तर धडधाकट प्रोग्राम कोसळेल. म्हणून अशा जागी ती पद्धत हात आखडता घेई व पुनरुक्ती तशीच राही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ढमढेरे यांनी १९८८ मध्ये आज्ञा गटात न ठेवता दोन गटांना जोडणाऱ्या दुव्यावरच ठेवण्याचा मार्ग दाखविला. १९८७ साली प्रथम प्रसृत झालेल्या जीसीसी या कंपायलरातही आता आज्ञा दुव्यांवर ठेवल्या जातात, आणि एकदा सापडलेली चूक पुन्हा शिरू नये म्हणून तिची चाचणी कायम जपून ठेवली जाते.