सिकलसेलग्रस्त बालकांसाठी कॅप्सूलचे द्रावण

उत्तर नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत आढळणाऱ्या सिकलसेलवर उपयुक्त ठरणारे हायड्रॉक्सियुरिया प्रामुख्याने ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये मिळते. दहा किलोच्या बालकाची रोजची मात्रा मात्र १५० ते २०० मिलिग्रॅम. अशा वेळी औषधनिर्माता डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार कॅप्सूलमधील भुकटी पाण्यात विरघळवून गाळतो. पाणी गरम नसावे; उष्णतेने औषधाची शक्ती घटते. एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असल्यास दीड ते दोन मिलिलिटर द्रावण पुरते, तेही चमच्याने नव्हे, सिरिंजने मोजून. पूर्वी दवाखान्यातील कंपाउंडर अशीच मिश्रणे करीत. पुढे शब्द उरला, काम मागे पडले. घरी कॅप्सूल फोडून अंदाजाने भुकटी देणे धोक्याचे आहे. मात्रा वाढल्यास रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, कमी पडल्यास वेदनांचे झटके परततात. औषध पेशींवर परिणाम करणारे असल्याने ते हाताळताना हातमोजेही आवश्यक असतात.