खवट तेल आणि कॅन्सरची पेशी

हेडफोन हाताशी नसतील त्यांच्यासाठी हा आजचा भाग लेखी स्वरूपात.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. जवसाचं तेल उघडं राहिलं की लवकर खवट होतं, तूप मात्र टिकतं. का? जवसाच्या तेलातल्या स्निग्धाम्लांमध्ये दुहेरी बंध जास्त असतात आणि ऑक्सिजन नेमका तिथे घाला घालतो. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो.

आता गंमत बघा. आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण लिपिडांचं, म्हणजे स्निग्ध रेणूंचंच असतं. त्यातही हे दुहेरी बंध असतात. शिवाय पेशीतलं लोह हा बिघाड वाढवतं. मग आपण आतून खवट का होत नाही? कारण जीपीएक्स-४ नावाचं एन्झाइम सतत दुरुस्ती करत असतं. ते थांबलं तर आवरण फाटतं, पेशी मरते. या मरणाला २०१२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या स्कॉट डिक्सन आणि ब्रेंट स्टॉकवेल यांच्या गटानं नाव दिलं, फेरोप्टोसिस. फेरो म्हणजे लोह.

कॅन्सरशी याचा संबंध काय? औषधांनी बहुतेक पेशी मरतात, पण काही चिवट पेशी दबा धरून बसतात आणि आजार उलटतो. २०१७ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं की अशा चिवट पेशींचा जीव जीपीएक्स-४ वरच अडकलेला असतो. म्हणजे त्यांचं मर्मस्थान सापडलं!

मग ते एन्झाइम सरळ बंद पाडायचं? गोची इथेच आहे. उंदरांच्या शरीरात ते बंद केलं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. निरोगी पेशींनाही ते लागतंच ना! म्हणून फक्त गाठीतल्या पेशींना कसं गाठायचं, यावर संशोधन चालू आहे.

हा विषय मी का घेतला, सांगतो. माझ्या मावशीची केमो चालू होती, तेव्हा एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवरून तिनं व्हिटॅमिन ई च्या गोळ्या मागवल्या. मी म्हटलं, "घे गं, व्हिटॅमिनच तर आहे." नंतर वाचलं की व्हिटॅमिन ई हीच खवटपणाची साखळी तोडतं. पण वाचवायची पेशी कोणती आणि मारायची कोणती, हे त्याला कुठे कळतं? आम्ही डॉक्टरांना विचारलं, त्यांनी गोळ्या थांबवायला सांगितल्या.

म्हणून एवढंच लक्षात ठेवा. जवस खाऊन कॅन्सर बरा होत नाही. आणि उपचार चालू असताना कुठलीही गोळी, अगदी व्हिटॅमिनचीसुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. भेटू पुढच्या भागात!