जाड विजारीचे कापड

आपल्या बेटावर १९७० साली निर्यात-कारखान्यांचा कायदा झाला आणि घराघरांतील आयाबहिणी शिवणाच्या मशीनवर बसल्या. त्यांनी शिवलेले कपडे अमेरिकेपर्यंत गेले. २००५ च्या सुमारास बरेच कारखाने बंद पडले. पण जीनच्या जाड कापडाला सुई कोणती लावायची, हे त्या भगिनी अजून झोपेतही सांगतील. त्याच कापडाची ही हकीकत, वाचकहो, त्यांच्यासाठीच आम्ही लिहीत आहोत.

अमेरिकेतील नेवाडा राज्यात रीनो हे गाव आहे. तेथे जेकब डेव्हिस नावाचा शिंपी तंबू व घोड्यांच्या झुली शिवीत असे. १८७१ च्या सुमारास एका मजुराची बायको त्याच्याकडे आली. नवऱ्याच्या विजारी टिकत नाहीत, एक मजबूत शिवून द्या, म्हणाली. डेव्हिसने जाड पांढरे डक कापड घेतले आणि झुलींसाठी आणलेले तांब्याचे रिवेट खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. दाम घेतला ३ डॉलर. मागणी वाढत गेली. पेटंटचे ६८ डॉलर एकट्याने भरण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्याने सॅन फ्रान्सिस्कोचे कापड-व्यापारी लिव्हाय स्ट्रॉस यांना भागीदार केले. २० मे १८७३ रोजी पेटंट मिळाले.

डक हे नाव डच भाषेतील ‘डूक’, म्हणजे कापड, यावरून पडले. (हेच डच १६३८ मध्ये आपल्या बेटावर वस्तीला आले होते!) वीण साधीच, एक धागा वर, एक खाली, पण उभे धागे जोडीने घेऊन अगदी घट्ट ठोकलेले. भिजले की कापूस फुगतो आणि छिद्रे आणखी बुजतात. म्हणून शिडे, तंबू, पिशव्या, बूट यांना हे कापड उत्तम. अंगाला मात्र ते फार दिवस टोचते.

डेनिम लवकर मऊ होते, म्हणून विजारींत तेच पुढे गेले. त्याची वीण तिरपी. उभा धागा निळा, आडवा पांढरा. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, म्हणून गुडघ्यावर विजार पांढरी पडते.

अशा विजारींना इंग्रजीत ‘डंगरी’ असेही म्हणतात. अमेरिकेच्या नौदलातील खलाशांचा निळा पोशाखही विसाव्या शतकात याच नावाने ओळखला जाई. हा शब्द जाड्याभरड्या सुती कापडाचा, आणि त्याचा संबंध मुंबईच्या डोंगरीशी जोडतात. आपले पूर्वज कोकणातून येऊन ज्या मुंबई बंदरात जहाजावर चढले, त्याच्या जवळच ही डोंगरी आहे.